पहिला थांबा

माझा मुलगा प्रज्वल गेल्या वर्षी जानेवारीत कंपनीच्या बसमध्ये वारला. चौतीस वर्षांचा होता. दुपारच्या शिफ्टला निघाला, जिन्यातून परत येऊन विसरलेला चष्मा घेतला आणि गेला. बस दापोडीहून दीडला सुटते. भोसरी, मोशी करत इंद्रायणीचा पूल ओलांडते आणि चाकणकडे जाते. मोशीच्या पुढे त्याच्या छातीत कळ आली. चाकणच्या एका दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी रंगराव लोमटे. मूळचा केज तालुक्यातला. भोसरीच्या फाउंड्रीत एकोणतीस वर्षं काढली. वितळलेल्या लोखंडापुढे उभा राहिलेला माणूस मी, आगीला कधी भ्यालो नाही. पण सरकारी टेबलापुढे उभा राहिलो की माझी जीभ टाळ्याला चिकटते. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात मी फार शोभलो नाही. शोभली ती माझी सून वर्षाली.

वर्षाली चाकणजवळच्या एका कारखान्यात वायरिंगच्या लाइनवर काम करते. मोटारींच्या आत ज्या तारांच्या जुड्या असतात, त्या बांधायच्या. बारावी शिकलेली. लग्न होऊन नऊ वर्षं झाली, पण तिचा आवाज शेजारच्या खोलीत कधी गेला नाही. मला ती मामा म्हणते. आमच्याकडे सासऱ्याला तसंच म्हणतात. प्रज्वल-वर्षालीची मुलगी उत्कर्षा तेव्हा दुसरीत होती.

तेरावा झाल्यावर कागदांचं बघायला लागलो. कंपनी म्हणाली मृत्यूचा दाखला आणा. बँक, विमा, रेशन कार्ड, सगळ्यांना तोच दाखला पाहिजे. मला वाटलं, माणूस गेलाय, दहा माणसांनी खांदा दिलाय, दाखला काय, आज मागितला की उद्या मिळेल.

आधी शहरातल्या ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या माणसानं कागद नीट वाचले. म्हणाला, "काका, मृत्यू जिथं होतो तिथं नोंद होते. आमची हद्द पुलाला संपते. बस तर पूल ओलांडून पलीकडे थांबली म्हणता. ग्रामपंचायतीत विचारा."

पूल ओलांडला की शेलवडी गाव. तिथल्या ग्रामपंचायत अधिकारी आम्रपाली मॅडम. वयानं वर्षालीएवढ्याच. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "छातीत कळ आली ती मोशीत. मोशी माझ्याकडे येत नाही. आणि डॉक्टरांनी तपासलं ते चाकणला. माझ्या गावात नक्की काय झालं, ते मी कशावरून लिहू?"

मग दवाखाना होता तिथलं ऑफिस. त्यांनी दवाखान्याच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "'आणण्यापूर्वीच मृत' असं लिहिलंय बघा. म्हणजे आमच्याकडे यायच्या आधीच गेले ते."

कोणी उलट बोललं नाही, कोणी हाकलून दिलं नाही. पण माझा पोरगा गेला, त्याला अग्नी दिला, अस्थी सोडल्या, आणि तीन ऑफिसं मला सांगत होती की तो आमच्याकडे गेला नाही. परतीच्या बसमध्ये मला एकदम वाटलं, मग गेला तरी कुठं?

अशा फेऱ्या मारता मारता एकवीस दिवस उलटले. एकवीस दिवसांत नोंद झाली पाहिजे, हे आम्हाला बाविसाव्या दिवशी कळलं.

माझ्या बायकोचा, इंदूचा, मावसभाऊ दादासाहेब पिंपरीत असतो. कुणाचं कुठंही काम अडलं की दादासाहेब. माणूस वाईट नाही, लोकांसाठी पायाला भिंगरी लावून फिरतो. तो एका रविवारी घरी आला आणि चहा हातात घेऊनच म्हणाला, "दाजी, एवढं सोपं काम आणि तुम्ही महिनाभर दारोदार फिरताय? दवाखान्यात माझी ओळख आहे. 'दाखल केलं, उपचार चालू असताना मृत्यू' एवढंच लिहून आणतो. दवाखान्यात मृत्यू झाला की ते लोकच नोंदीला पाठवतात. चार दिवसांत दाखला हातात."

अर्ज त्यानं लिहूनच आणला होता. खाली माझं नाव आणि सहीची जागा. मी चष्मा लावला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. पाय दुखत होते, इंदू रात्रंदिवस भिंतीकडे बघत बसत होती, आणि कोणीतरी म्हणत होतं चार दिवसांत सुटाल. मी पेन उघडलं.

वर्षाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मामा, सही करू नका."

तिचा आवाज इतका सरळ होता की दादासाहेबानं कप खाली ठेवला.

"का गं?" तो म्हणाला. "कुणाचं नुकसान आहे का यात?"

"त्या डॉक्टरांनी यांना जिवंत बघितलंच नाही. मग उपचार कुणावर केले?"

"अगं, कागदाला काय कळतंय? माणूस गेला ते तर खरं आहे ना?"

"गेले ते खरं आहे. पण ते कामावर जाताना गेले, बसमध्ये गेले. बसमधल्या माणसांनी त्यांची छाती दाबली, तोंडात पाणी घातलं. दवाखान्यात गेले असं लिहिलं की ही माणसं तिथं नव्हतीच असं होतं." मग म्हणाली, "आणि उद्या उत्कर्षानं विचारलं, बाबा कुठं गेले, तर कागद एक सांगेल आणि मी एक. असा कागद मी घरात ठेवणार नाही."

दादासाहेब माझ्याकडे बघायला लागला. मी इंदूकडे बघितलं. इंदू महिनाभरात पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "ती म्हणते तसंच करा."

मी पेनाला टोपण लावलं. पण मनात वर्षालीवर चिडलो होतो. वाटलं, हट्ट सोपा असतो, फिरायला मी आहे ना.

पण फिरायला मी नव्हतो. तीच होती.

कारखान्यात जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी असते. त्या अर्ध्या तासात ती मोबाइलवर जन्म-मृत्यू नोंदणीचे नियम वाचायची. घरी आली की एका वहीत उतरवून काढायची. मी विचारलं, "एवढं बारीक तुला समजतं?" म्हणाली, "मामा, आमच्या लाइनवर एका जुडीत दोनशे तारा असतात. प्रत्येक तार कुठून निघते आणि कुठं लागते, ते नकाशात बघूनच लावावं लागतं. हे त्याच्यापेक्षा अवघड नाही. फक्त वाक्यं लांब आहेत."

पाच-सहा दिवसांनी संध्याकाळी ती वही घेऊन माझ्यासमोर बसली. "सापडलं," म्हणाली, आणि वाचून दाखवलं. चालत्या वाहनात जन्म किंवा मृत्यू झाला, तर ज्याच्या ताब्यात वाहन असेल त्यानं पहिल्या थांब्याच्या ठिकाणी खबर द्यायची. वाहन म्हणजे काय तेही लिहिलेलं होतं: विमान, बोट, आगगाडी, मोटार, अगदी टांगा आणि बैलगाडीसुद्धा.

"म्हणजे कळ कुठं आली, जीव कुठं गेला, हे कुणी शोधायचंच नाही," वर्षाली म्हणाली. "बस पहिल्यांदा कुठं थांबली, एवढंच शोधायचं."

"बस तर शेलवडी फाट्याला थांबली होती."

"हो. पण ते तुम्ही-मी सांगून चालणार नाही. ते ड्रायव्हरनं सांगायचं."

ड्रायव्हर म्हणजे भिमाजी. देहूच्या अलीकडे त्याचं गाव. पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारं घर. आता निम्म्या जमिनीवर गोदामं उभी आहेत आणि हा माणूस कंपनीला स्वतःची बस भाड्यानं देतो, स्वतःच चालवतो. त्या दिवशी प्रज्वलच्या मोबाइलवरून आम्हाला फोन केला तो त्यानंच. नंतर अंत्यविधीला लांब उभा राहिला आणि न बोलता निघून गेला. तेव्हापासून त्यानं आमचे फोन घेतले नव्हते.

वर्षालीनं सुट्टीचा दिवस बघितला आणि आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. अंगणात बस उभी होती, स्वच्छ धुतलेली, पुढे नवं लिंबू-मिरची. भिमाजी ओट्यावर बसला होता. आम्हाला बघून उठला, पण त्याचे खांदे पडले.

"या," म्हणाला. बायकोला, विमलबाईला, चहा टाकायला सांगितला. मग आम्ही काही बोलायच्या आधीच म्हणाला, "पोलिसांनी दोनदा बोलवलं मला. सगळं सांगितलं. माझी काय चूक न्हाई म्हणले ते. आता आणखी कशात मला गुतवू नका, पाया पडतो. गावात म्हणत्यात, भिमाजीच्या गाडीत मयत झाली. दोन बायांनी गाडी बदलून घेतली."

मला वाटलं, झालं, हा सही करत नाही. मी उठायच्या बेतात होतो. वर्षाली मात्र ओट्याच्या कडेला निवांत बसली.

"भिमाजीदादा, मी सही मागायला आले आहे, खोटं नाही बोलत. पण आधी एक विचारायचंय. त्या दिवशी काय झालं, ते मला कुणीच नीट सांगितलं नाही. तुम्ही सांगाल?"

भिमाजी ओट्यावर परत बसला.

"दारामागच्या पहिल्या शीटवर बसायचा त्यो," तो म्हणाला. "रोज. माझ्याशी बोलायला. मोशी सुटली तवा म्हणला, भिमाजीदादा, काच उघडतो, गरम व्हतंय. जानेवारी महिना, म्हणलं गरम कुठं व्हतंय ह्याला? आरशात बघितलं तर घामानं न्हालेला. पुलावर ही मोठी लाइन लागलेली ट्रकांची. मधी थांबता येईना. हॉर्नवर हात ठेवूनच पूल काढला. उतरलो तशी शेलवडी फाट्याला वजनकाट्यासमोर गाडी बाजूला घेतली. पोरांनी त्याला खाली निजवला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर हुतं. पोरं आळीपाळीनं छाती दाबीत हुती. मी त्याला हाका मारीत हुतो. मग वाटलं, इथं बसून न्हाई भागायचं, पुन्हा गाडीत घातला आन्‌ दवाखान्याकडं सुटलो." त्यानं तोंड फिरवलं. "एकटा न्हाई गेला त्यो, ताई. एवढं सांगतो."

विमलबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. हे तिनंही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

वर्षालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं ते पुसलं नाही. ती म्हणाली, "हेच मला कागदावर पाहिजे, दादा. ते दवाखान्यात गेले असं लिहिलं तर काम चार दिवसांत होतंय. पण मग तुमची मांडी कुठंच येत नाही."

"माझ्या हातानं मयतीची खबर द्यायची, ताई? जीव धजत न्हाई."

"खबर तर तुम्हीच दिली होती आम्हाला, फोनवर. दुसऱ्या कुणी दिली असती तर काय सांगितलं असतं कुणास ठाऊक. तुम्ही 'लवकर या, मी हाय इथं' म्हणालात. तीच खबर आता सरकारला द्यायची."

भिमाजीनं ट्रे घेतला आणि कप आमच्यापुढे ठेवले. चहा झाला. आम्ही निघालो तेव्हा तो गेटपर्यंत आला आणि म्हणाला, "गाडीत जीपीएस हाय. कुठं किती वाजता थांबली, सगळं निघतं त्यात. कागद काढून आणू का?"

परतताना वर्षाली खिडकीबाहेर बघत होती. मी तिला म्हणालो, "मी सही केली असती त्या दिवशी." ती म्हणाली, "माहीत आहे मामा. तुम्ही दमला होता." एवढंच. माझी चीड त्या एका वाक्यात विरघळली.

पुढच्या सोमवारी भिमाजी इस्त्रीचा सदरा घालून शेलवडीच्या ग्रामपंचायतीसमोर आमच्या आधी येऊन उभा होता. हातात जीपीएसचा कागद: दोन वाजून सात मिनिटांनी शेलवडी फाटा, थांबा अकरा मिनिटं. पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत वर्षालीनं आधीच आणली होती.

आम्रपाली मॅडमनी आम्हाला ओळखलं. "मी तुम्हाला सांगितलं होतं ना..." त्यांनी सुरुवात केली.

"मॅडम, तुम्ही विचारलं होतं, कशावरून लिहू," वर्षाली म्हणाली. "ते घेऊन आले आहे."

तिनं वही उघडली, नियम वाचला. एकदाही अडखळली नाही. मग एकेक कागद टेबलावर ठेवला आणि शेवटी म्हणाली, "आणि हे भिमाजीदादा. गाडी यांच्या ताब्यात होती. पहिला थांबा तुमच्या गावात आहे. खबर द्यायला ते स्वतः आले आहेत."

खोलीत आणखी पाच-सहा माणसं होती. कुणी घरपट्टीला आलेलं, कुणी नळाच्या तक्रारीला. सगळी इकडे बघायला लागली. भिमाजीनं छाती थोडी पुढे काढली. "व्हय मॅडम. आमी थांबलो हुतो. तुमच्या वजनकाट्यासमोर."

मॅडमनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. शोधायला वेळ लागला. सापडल्यावर त्यांनी तो नियम दोनदा वाचला, मग पुस्तक मिटून वर्षालीकडे बघितलं. "अकरा वर्षं नोकरी झाली माझी. असं प्रकरण कधी आलं नाही, म्हणून हे पान मी कधी उघडलंच नाही. तुमचं बरोबर आहे. तुम्हाला परत पाठवायला नको होतं मी."

सरकारी खुर्चीतून असं कुणी बोलल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

तरी काम त्या दिवशी झालं नाही. तोवर त्रेचाळीस दिवस झाले होते, आणि तीस दिवसांनंतर तालुक्याच्या ऑफिसातून लेखी परवानगी लागते, प्रतिज्ञापत्र लागतं. वर्षालीला ते ठाऊक होतं. प्रतिज्ञापत्राचा मसुदा तिच्या वहीत तयार होता. मॅडमनी परवानगीसाठीचं पत्र आमच्यासमोर टाइप केलं, नियमाचा क्रमांक घातला, शिक्का मारला. तालुक्याच्या गावी, राजगुरुनगरला, तीन खेपा झाल्या. एकदा साहेब मीटिंगला, एकदा एक प्रत कमी. तिसऱ्या खेपेला परवानगी मिळाली. तिन्ही वेळा वर्षाली कामावरून रजा काढून गेली, आणि तिन्ही वेळा भिमाजी आपली दुपारची फेरी दुसऱ्या ड्रायव्हरला देऊन बरोबर आला. त्याला यायची गरज नव्हती. विचारलं तर म्हणाला, "खबर मी दिलीय, तर पोचली का न्हाई ते मलाच बघितलं पायजे."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. दाखला घ्यायला मी, वर्षाली आणि इंदू, तिघं गेलो. इंदू घराबाहेर पडली ती तेराव्यानंतर त्या दिवशीच.

मॅडमनी दाखला दिला. वर्षालीनं तो लगेच घडी घालून पिशवीत टाकला नाही. उभ्या उभ्या ओळ न ओळ वाचली. नाव, आईचं नाव, माझं नाव, तारीख. मग दाखला इंदूच्या हातात दिला. इंदू सावकाश वाचते. बोट ठेवून ती एका ओळीपाशी आली आणि मोठ्यानं म्हणाली, "मृत्यूचे ठिकाण: चालत्या वाहनात, पहिला थांबा शेलवडी फाटा."

ती पुन्हा एकदा तेच म्हणाली. मग पदरानं डोळे टिपून तिनं वर्षालीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्या अनोळखी ऑफिसात, लोकांसमोर, म्हणाली, "माझ्या लेकराची खरी नोंद झाली बाई तुझ्यामुळं."

भिमाजीला दाखल्याचा फोटो पाठवला. त्यानं त्याची प्रत काढून घरी ठेवलीय, असं विमलबाईनं पुढे सांगितलं. गावात कुणी काही बोललं तर तो ती दाखवतो.

दादासाहेबही आला होता मध्ये. दाखला त्यानं नीट वाचला. मग वर्षालीला म्हणाला, "सूनबाई, तुझी ती वही मला एक दिवस देशील? मला रोज पाच माणसं विचारतात, आणि मी ओळखी सांगतो. नियम कुठं सांगतो?" तिनं दिली. त्यानं झेरॉक्स काढून वही दुसऱ्या दिवशी परत आणली.

जूनमध्ये आम्रपाली मॅडमनी वर्षालीला बोलावून घेतलं. म्हणाल्या, त्या रस्त्यावर दिवसाला हजारो गाड्या जातात, असं पुन्हा कुणाचंही होऊ शकतं. तुम्हाला समजलं तसं साध्या भाषेत लिहून द्या, मी फळ्यावर लावते. वर्षालीनं दोन संध्याकाळी बसून लिहिलं. तीन वेळा खोडलं. मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "मामा, तुम्हाला कळलं का?" मी म्हणालो, कळलं. ती म्हणाली, "तुम्हाला कळलं म्हणजे सगळ्यांना कळेल." मी हसलो. प्रज्वल गेल्यानंतर पहिल्यांदा.

मागच्या महिन्यात एका कागदाच्या साक्षांकित प्रतीसाठी मी एकटाच शेलवडीला गेलो होतो. रांग होती. दाराजवळच्या फळ्यावर तो कागद लावलेला होता, प्लास्टिकमध्ये घालून, मोठ्या अक्षरांत. 'प्रवासात माणूस दगावला तर नोंद कुठे करायची?' खाली पाच ओळी. माझ्यापुढे एक तरुण उभा होता, हेल्मेट काखेत. तो ते वाचत होता आणि मोबाइलवर फोटो काढत होता.

"आमच्या आजोबांचं असंच अडकलंय," तो आपणहून म्हणाला. "अ‍ॅम्ब्युलन्समध्ये गेले. हे कुणी सांगितलंच नाही आम्हाला. कुणी लिहिलंय कुणास ठाऊक, पण एकदम स्पष्ट लिहिलंय राव."

सरकारी ऑफिसात माझी जीभ टाळ्याला चिकटते. त्या दिवशी चिकटली नाही.

"माझ्या सुनेनं लिहिलंय," मी म्हणालो. माझा आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण रांगेतल्या चार माणसांनी वळून बघितलं. "वर्षाली प्रज्वल लोमटे. दापोडीला असतो आम्ही. अडलं तर घरी या. रविवारी तिला सुट्टी असते."

आणि मी त्याला आमचा पत्ता लिहून दिला.